क्षमेचा फोटो

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे सांगायला घेतलं की आई मध्येच "झोप होते ना नीट?" विचारते आणि विषय तिथेच राहतो. म्हणून पत्र.

आमच्या फोटोग्राफीच्या वर्गात शेवटच्या कामाचे विषय चिठ्ठ्या टाकून दिले. धर्माने मानलेला एक सद्गुण आणि त्यावर एकच फोटो. फोटोत मूर्ती नको, जोडलेले हात नकोत आणि खाली शीर्षकही नको. मला क्षमा आली. शेजारणीला दान आलं, तिचं एका दुपारीत उरकलं. माझे तीन आठवडे गेले.

पहिला आठवडा लाजिरवाणा होता. मी उघडा पिंजरा आणि खिडकीतून येणारा उजेड असा फोटो काढला. सरांनी पाहिला आणि विचारलं, "स्वातंत्र्य का?" चूक त्यांची नव्हती. उघडा पिंजरा कशालाही चालतो, म्हणून तो कशाचाच राहत नाही.

मग मी ग्रंथांकडे वळले. बाबा, गीतेच्या तेराव्या अध्यायातली ज्ञानाची लक्षणं तुम्ही म्हणायचात, अमानित्वमदम्भित्वमहिंसा क्षान्तिरार्जवम्. त्यातली ती क्षान्ती. संस्कृतात क्षमा हे पृथ्वीचंही नाव आहे, कारण ती सगळं सोसते. क्षमता, सक्षम हे शब्दही त्याच धातूचे. म्हटलं, सापडलं! खणलेली जमीन काढली, पायांचे ठसे काढले. फोटो बरे आले, पण पाहणाऱ्याला त्यात फक्त माती दिसली. कुऱ्हाडीच्या तोंडालाही सुगंध देणाऱ्या चंदनाचं सुभाषित आठवलं, आणि तिथे तर कॅमेरा हातच टेकतो. वास कुठून आणणार? कवीला उपमा दिली की झालं. फोटोवाल्याला ती वस्तू समोर मांडावी लागते आणि जे सांगायचं ते तिच्या अंगावर दिसावं लागतं.

याच भानगडीत जुन्या काळातल्या ब्रिटिश फोटोग्राफर जूलिया मार्गारेट कॅमेरॉन पुस्तकांतून भेटल्या. जन्म 1815चा, कलकत्त्यातला. आई, तुला आवडेल असा भाग म्हणजे त्यांचा पहिला कॅमेरा त्यांना मुलीने आणि जावयाने भेट दिला, 1863 साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. (तू म्हणतेस ना, "आता या वयात काय शिकायचं"?) पुढच्याच वर्षी त्यांनी बायबलातल्या नऊ सद्गुणांवर नऊ फोटो केले. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता असे ते गुण. काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. समोरच्याने कितीतरी वेळ हलायचं नाही, त्यात लहान मुलं. घरी कामाला असलेल्या मेरी हिलियरला त्यांनी अनेक फोटोंत मेरीमाता केलं. चेहरे इतके मऊ आलेत की बघत राहावं. पण खरं सांगू? खालचं नाव झाकलं तर सहनशीलता कोणती आणि सौम्यता कोणती, हे मला तरी ओळखता आलं नाही. अर्धं काम शीर्षक करतं, आणि नेमकं तेच मला मिळणार नव्हतं.

शेवटी मराठीनेच हात दिला. क्षमेसाठी आपण काय काय म्हणतो ते वहीत लिहून काढलं. पाटी कोरी करणं, पोटात घालणं, पांघरूण घालणं. शेवटचं मी खोडलं, ते माफ करणं नाही, लपवणं आहे. पाटी मात्र फोटोत येण्यासारखी वाटली.

दगडी पाटी मिळवली. पेन्सिल दाबून एक वाक्य लिहिलं आणि ओल्या फडक्याने पुसलं. वरून उजेड टाकला तर पाटी लख्ख कोरी. मग दिवा बाजूला, जवळजवळ पाटीच्या पातळीत आणला, कॅमेरा तिपाईवर बरोबर वर धरला, आणि पेन्सिलीने उठलेले ओरखडे एकेक करून वर आले. अक्षरं नाहीत, त्यांच्या खाचा. कॅमेरा आपल्या मनाने काळ्याचं राखाडी करायला बघतो, म्हणून उजेड दीड-दोन स्टॉपने, म्हणजे निम्म्याहूनही कमी घेतला. मग त्याच खाचांवरून खडूने "ग" काढला, पोर पहिल्यांदा काढतं तसा वाकडा, आणि तोच फोटो दिला. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खाली काय लिहिलं होतं?" मी सांगितलं नाही.

तुम्हाला सांगते. "मी काही केलं नाही" असं लिहिलं होतं.

बाबा, आठवतंय? मी दहा वर्षांची होते. तुमच्या कॅमेऱ्यात आत काय असतं ते बघायला मागचं दार उघडलं, आत तपकिरी पट्टी दिसली आणि घाबरून खाडकन लावलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हेच वाक्य म्हणाले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, रोल गुंडाळून घेतलात आणि धुवायला दिलात. उजेड लागला की गुंडाळीत फिल्मचे बाहेरचे वेढे आधी जळतात, आतले वाचतात. म्हणजे जे सगळ्यात शेवटी काढलेले, तेच गेले. आजीचे गेले. एक तेवढा उरला, त्यात तिचा खांदा आणि अर्धा चेहरा तांबूस उजेडात विरघळलाय. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. (आई, तो राग रास्तच होता, आता वाद नको.)

पुढचा रोल तुम्ही माझ्यासमोर भरलात. टोक खाचेत कसं अडकवायचं ते दाखवलंत, दार लावून कॅमेरा माझ्या हातात दिलात आणि दोन वेळा खटका दाबायला लावलात. मी म्हटलं, "फुकट जातील ना!" तुम्ही म्हणालात, "भरताना पुढचा तुकडा जळतोच. तो धरूनच रोल करतात."

हे वाक्य इतकी वर्षं मी रोलबद्दलचं समजत होते.

आजीचा तो फोटो कामाला लावावा असं एकदा मनात आलं होतं. नाही लावला. आपल्या तिघांना तो काय आहे ते माहीत आहे, परक्याला ती बिघडलेली प्रिंट. पाटी कोणीतरी कधीतरी पुसलेली असते, त्यासाठी आपली गोष्ट माहीत असावी लागत नाही.

पण मला आता दुसरा फोटो काढायचाय, वर्गासाठी नाही. मागचं दार उघडं, आत नवा रोल, टोक खाचेत आणि त्यावर बाबांची बोटं. जळतोय तो तुकडा आणि तरी कोणाला घाई नाही. पोटात घालणं मला त्यात दिसतं. इथे कॅमेऱ्याला पोट आहेच, नुसती म्हण उरत नाही.

पुढच्या महिन्यात चार दिवस येते. रोल मी आणेन. बाबा, तोवर कॅमेरा कपाटातून काढून दार उघडतंय का एवढं बघून ठेवा. पण उघडण्याआधी रोल गुंडाळायची कळ फिरवून बघा. जड लागली तर आत काहीतरी आहे, मग हात लावू नका.

तुमची,
सोनू