तलफ

प्रिय सुधीर,

आठ महिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. रागावला असशील, रागव. माझं बीपी ठीक आहे. पण परवा जे पाहिलं ते तुलाच सांगायचं आहे.

निखिल सिगारेट ओढायचा. दीड वर्षापासून. मला कळलं तेव्हा नको तेच केलं, आरडाओरडा. चार दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. परवा रात्री अडीचला पाणी प्यायला उठलो, तर हा अंधारात ओट्याला टेकून जमिनीवर बसलेला, तोंडावर फोनचा उजेड. अंगठा थरथरत होता. एकच शब्द टाईप केला त्यानं: 'तलफ'. लगेच उत्तर आलं. काही न बोलता फोन माझ्यापुढे धरला. 'पाच मिनिटं काढ. ओसरेल. पाणी घोट घोट पी.' मी भांडं भरून दिलं आणि शेजारी बसून राहिलो.

सुध्या, होस्टेलची गच्ची आठवली रे. तूही हेच केलंस ना? माझं पाकीट टाकीत बुडवलंस (निदान विचारायचं तरी होतंस, यावर मी आजही ठाम आहे!) आणि पहाटेपर्यंत गात बसलास. तुझं गाणं थांबावं म्हणून मी काहीही सोडलं असतं.

तेव्हापासून सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या या मेसेजांबद्दल मिळेल ते वाचतोय. ब्रिटनमध्ये ५,८०० जणांवर मोठी चाचणी झाली, निकाल २०११ मध्ये आले. पहिले पाच आठवडे रोज पाच मेसेज, मग सहा महिने आठवड्याला तीन. सहा महिन्यांनी लाळ तपासून खात्री केली: १०.७ टक्के लोकांची सुटली होती, ज्यांना सोडण्याबद्दलचे मेसेज गेले नव्हते त्यांच्यात ४.९ टक्के. दुपटीहून जास्त! पण माझं मन उरलेल्या नव्वदांपाशीच अडकतं. निखिलचा आज अकरावा दिवस.

त्या चाचणीत तलफ आली की पाठवायचा एक शब्द होता आणि चुकून ओढली गेली की पाठवायचा दुसरा. दुसरा पाठवला तरी कुणी ओरडत नाही, उलट धीर देणारं उत्तर येतं. मला तेच सलतंय. उद्या याचा हात घसरला तर तो फोनला सांगेल. मला सांगेल का? त्या चार दिवसांनंतर कशाला सांगेल?

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? मिनूच्या नोकरीचं दादाकडून कळलं, फार बरं वाटलं. बाकी भेटीत.

आणि एक कर. निखिलला आपणहून फोन कर. समजावू नकोस, मी लिहिलंय हेही सांगू नकोस. त्या गच्चीवरच्या रात्रीचं सांग, पाकिटाचं, गाण्याचं, आणि मी दोनदा सोडून दोनदा परत धरली होती तेही. ते मला त्याच्यासमोर बोलायला जमत नाहीये.

तुझाच,
अनंत