मातीची वेळ ठरवणाऱ्या मामांना

ति. मामा,
सा. न. वि. वि.

गावात कुणी गेलं की तासाभरात दोनच प्रश्न फिरतात: "माती किती वाजता?" आणि "मामा आले का?" नगरपालिकेच्या कुठल्याही यादीत तुमचं पद नाही, आणि गल्लीच्या सत्काराच्या पत्रिकेत नावं छापताना तुमचं नाव कुणाला सुचत नाही. म्हणून हे आभाराचं पत्र चारचौघांत. नुसता खांदा देऊन घरी परतणाऱ्याला तुम्ही काय काय करता ते कळतच नाही.

घरातले रडत असतात तेव्हा तुम्ही आधी देहाकडे बघता. उन्हाळ्यात दोन-तीन तासांत जबडा, मान ताठ व्हायला लागते. त्याआधी डोळे मिटवायचे, हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधायची, पायांचे अंगठे जुळवायचे. अंगठी, जोडवी तेव्हाच काढायची, नंतर निघत नाहीत. लिंगायतांच्या घरी मात्र वेगळं. तिथं खड्ड्यात बसवून समाधी द्यायची असते. पाय सरळ ताठू दिले तर पुढं पंचाईत. छातीत पेसमेकर आहे का, हे तुमच्याशिवाय कुणी विचारत नाही. सरणावर त्याची बॅटरी फुटते, म्हणून तो आधी डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो.

मग वेळ. पुण्याहून निघालेली लेक आठ-नऊ तासांआधी पोचत नाही. तिच्यासाठी थांबायचं तर देह गार ठेवणारी शवपेटी लगेच सांगावी लागते. बाई गेली असेल तर माहेरच्या माणसांना पहिला फोन. त्यांची साडी यायच्या आत उचललं, तर दोन घरांचं बोलणं पुढची वीस वर्षं बंद! भावकीतल्या अबोल्याचा हिशोब तुम्हाला तोंडपाठ आहे, म्हणून कोणाला कोणाकडून निरोप जावा हेही तुम्हीच ठरवता. आमच्या मते तुमच्या कामातला सगळ्यात अवघड भाग हाच.

तिरडीला तुम्ही ओलाच बांबू मागता. जुना, भुंग्यानं पोखरलेला बांबू वाटेत मोडतो. आडव्या कामट्या लांब लांब बांधल्या की कमरेपाशी झोळ पडतो. नायलॉनची दोरी गाठीत सरकते, म्हणून सुतळीच हवी. सरणाला तीन-साडेतीन क्विंटल लाकूड. खाली जाड ओंडके, मधे हवेला वाट, फटींत गोवऱ्या आणि छाती-कमरेवर पुन्हा जड लाकूड, कारण तिथं जळायला वेळ लागतो. उत्साही पोरं लाकडं गच्च रचतात आणि मग धूर खात बसतात. पावसाळ्यात ओल्या लाकडावर रॉकेल ओतलं की वरवरचा जाळ होतो आणि विझतो. तुम्ही वाळक्या गोवऱ्यांची दोन पोती बाजूला ठेवायला लावता, ती ह्याच दिवसांसाठी.

एका बाबतीत तुम्ही कुणाचंच ऐकत नाही, आणि बरं करता. साप चावून, विजेचा धक्का लागून किंवा विहिरीत पडून माणूस गेला की घरचे म्हणतात, "कापाकापी नको." तुम्ही आधी पोलिसांना कळवायला लावता. पंचनामा आणि शवविच्छेदन झालं नाही तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतले 2 लाख रुपये मिळायची आशा सोडावी लागते. त्या पैशावर घरातल्या पोरांची शाळा अवलंबून असते, हे त्या घडीला दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणं शक्य नाही.

कागदाचंही तसंच. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत फुकट होते. पुढं विलंब शुल्क, परवानगी आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशी घ्यायचा. नाव आधार, सातबारा आणि बँकेच्या पासबुकात एकसारखं आहे का, ते तुम्ही सावडण्याच्या दिवशीच बघायला सांगता. "बाई" की "बाय" एवढ्यावर तलाठ्याकडची वारस नोंद अडते. दाखल्याच्या चार-पाच प्रती तेव्हाच काढून ठेवल्या की पुढचे हेलपाटे वाचतात.

त्या घरी चूल पेटत नाही. पिठलं-भाकरी कुणाकडून येणार, गंगाखेडला अस्थी घेऊन जाणाऱ्यांची जीप कुणाची, साखरेची गोळी घेणाऱ्या म्हातारीला दोन घास कोण खाऊ घालणार, हे तर तुम्ही जाता जाता लावून देता.

पैसे तुम्ही घेत नाही, ठीक. पण सुतळी, मडकं, पांढरं कापड कितीदा तुमच्याच खिशातून गेलंय, हे दुकानदाराकडून कळलं. आता मोंढ्यातल्या त्याच दुकानात गल्लीच्या नावानं खातं उघडलंय. सामान तिथूनच उचला. आणि गल्लीतली दोन पोरं सोबत घ्या. तिरडी ती बघून शिकतील. कोणत्या घरी पहिला फोन कुणाला, ते मात्र तुम्हालाच बसवून सांगावं लागेल. रात्री दोनला फोन आला तरी उचलायचा, एवढं आम्ही त्यांना सांगून ठेवलंय.

आपले,
गल्लीकर