मुदत संपलेली पॉलिसी रद्दीत देण्याआधी

महोदय,

दिवाळीच्या आवराआवरीवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मुदत संपलेल्या विमा पॉलिसी बेलाशक रद्दीत द्या, असे त्यात म्हटले आहे. घरची मोटार आणि मेडिक्लेम एवढ्यापुरते ते ठीक. पण आपला पेपर अमेरिकेतली मराठी मंडळीही वाचतात आणि त्यांच्यापैकी कित्येकांचे जुने कागद इथे आईवडिलांच्या माळ्यावर पडलेले असतात. त्यांनी हा सल्ला मानू नये.

माझ्या मामेभावाने 1978 मध्ये न्यू जर्सीत चार गाळ्यांची बैठी इमारत घेतली. एका गाळ्यात ड्रायक्लीनर भाडेकरू होता. तो पुढे गाशा गुंडाळून गेला, त्यालाही जमाना झाला. अलीकडे इमारत विकायला काढली, तेव्हा खरेदीदाराच्या बँकेने जमिनीची तपासणी मागितली आणि खाली पर्क निघाले. पर्क म्हणजे पर्क्लोरोइथिलीन, ड्रायक्लीनिंगचे रसायन. ते पाण्याहून जड असते. सांडपाण्याच्या नळाच्या सांध्यातून झिरपले की खाली खाली जात भूजलात उतरते. न्यू जर्सीचा 1977 पासून लागू असलेला स्पिल कायदा किंवा 1980 चा केंद्राचा सुपरफंड कायदा, दूषित जागेच्या सफाईच्या या दोन्ही कायद्यांत चूक कोणाची हा प्रश्न मालकाच्या फारसा कामी येत नाही. ज्याची जमीन, त्याच्या दारात नोटीस. सफाईचा अंदाज इमारतीच्या किमतीच्याही वर गेला.

त्याचा रात्री फोन आला. मी विम्यात 31 वर्षे काढली, पण आग आणि मोटार या दोनच विभागांत. मोठ्या अधिकारवाणीने त्याला सांगितले, ''अरे, पॉलिसी संपली की विषय संपला.'' साफ चुकलो.

1986 पूर्वी अमेरिकेत धंद्यासाठी जी सर्वसाधारण दायित्व पॉलिसी (आपल्यामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई देणारी) मिळे, तिच्यात दावा कधी आला याला महत्त्व नसे. नुकसान कधी झाले ते पाहत. 1981 साली पर्क झिरपत होते, तर 1981 ची पॉलिसी जबाबदार, मग ते चाळीस वर्षांनी का उघडकीस येईना. हप्ता त्या वर्षाचा घेतला, जोखीमही त्या वर्षाची. कंपन्यांना हे उमजले तसे त्यांनी दोर आवळायला सुरुवात केली. 1973 पासून प्रदूषण 'अचानक आणि अपघाती' असेल तरच पैसे, हे कलम रूढ झाले. 1986 च्या सुमारास प्रदूषण जवळपास सरसकटच वगळले. म्हणजे मामेभावाच्या कामाच्या पॉलिसी 1978 ते 1985 च्या, आणि त्या सगळ्यांत ते 'अचानक'चे कलम. थेंब थेंब झिरपणे अचानक कसे म्हणायचे? इथे न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाचा मॉर्टन खटल्यातला 1993 चा निकाल धावून आला. हे कलम मंजूर करून घेताना कंपन्यांनी राज्याच्या विमा नियंत्रकांना सांगितले होते, की हा नुसता खुलासा आहे, संरक्षण कमी होत नाही. न्यायालय म्हणाले, मग तेव्हा बोललात त्यालाच बांधील राहा. इतर अनेक राज्यांत हेच कलम शब्दशः लावतात, तिथे हाच कागद फारसा उपयोगाचा नाही.

आणखी एक मेख होती. ही पॉलिसी दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देते, स्वतःच्या जमिनीची नाही. पण भूजल काही आपल्या मालकीचे नसते. पाणी नासले होते म्हणून विम्याचे दार उघडले. माती तेवढी खराब असती तर बहुधा बंदच राहिले असते. याला सुदैव म्हणायचे का, मला अजून कळलेले नाही.

आता कागद. कंपनी म्हणाली, आमच्याकडे नोंद नाही, पॉलिसी दाखवा. ती सिद्ध करण्याचा भार विमेदारावर. असे कागद हुडकून देण्याचा तिकडे धंदाच आहे, त्याला 'इन्शुरन्स आर्किऑलॉजी' म्हणतात. मूळ पॉलिसी नसली तरी चालते. कर्ज देणाऱ्या बँकेच्या फायलीतले विम्याचे प्रमाणपत्र, भाडेकराराची पुरवणी, वटलेले चेक, एजंटची पत्रे, कर सल्लागाराचे खर्चाचे तक्ते, यातून पॉलिसी होती हे उभे करता येते. आमच्याकडे मामाच्या माळ्यावर ट्रंक होती. भावाने पूर्वी कधीतरी आणून टाकलेली. मी शिडीवर चढून डांबरगोळ्यांच्या वासात दोन दुपारी काढल्या. पॉलिसी नाही सापडली. 1983 चे नूतनीकरणाचे बिल सापडले, त्यावर क्रमांक होता. त्या एका क्रमांकावरून कंपनीच्याच कपाटातून पुढचे-मागचे सगळे निघाले.

पैसे पूर्ण मिळाले नाहीत. वकिलांनीही आपला वाटा चोख घेतला. शिवाय भावाने घाबरून आधीच सफाईचे कंत्राट देऊन टाकले होते. विमा कंपनीला कळवण्यापूर्वीचा तो खर्च तिने मान्यच केला नाही. आधी लेखी कळवायचे, मग फावडे लावायचे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मी तर नाहीच.

आपल्याकडे ही वाट मिळणार नाही. इथल्या पब्लिक लायबिलिटी पॉलिसी बहुतेक दाव्याच्या वेळी चालू असाव्या लागतात, आणि भोपाळनंतर आलेला 1991 चा सक्तीच्या विम्याचा कायदा अपघातग्रस्तांना तातडीची मदत मिळावी म्हणून आहे. दूषित जागांचे नियम जुलै 2025 मध्ये आले. जबाबदार व्यक्तीकडून खर्च घ्यावा असे ते सांगतात; पण कारखाना बंद पडून मालकाचे हात रिकामे असतील, तर मागे वळून बघावे असा जुना विमा इथे नसतोच.

तेव्हा पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापावी ही विनंती: अमेरिकेतल्या धंद्याचे 1986 पूर्वीचे विम्याचे कोणतेही चिटोरे, मग ते नुसते बिल का असेना, संबंधितांना विचारल्याशिवाय रद्दीवाल्याच्या तागडीत घालू नये.

आपला,
एक निवृत्त विमा कर्मचारी
कोथरूड, पुणे