अण्णा, तुम्ही विचारलं होतं ते इथल्या पंचांचं

प्रिय अण्णा आणि आई,

दोघांना नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतंय, भाकरी जमत नाही पण पोळ्या रोज करायलोय, तब्येत चांगली आहे. हे आधीच लिहून टाकलं म्हणजे आईला पुढचं शांतपणे ऐकता येईल. मागच्या रविवारी अण्णांनी विचारलं की ते रग्बी का काय बघायला जातोस तिथले पंच कसे असतात, अन् मी सांगायला सुरुवात केली की तिकडची लाईट गेली आणि फोन कटला. तसंही हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच, म्हणून लिहूनच पाठवायलोय. छोटीला म्हणावं सावकाश वाचून दाखव, मधलं गाळू नको.

आई, पहिलं तुझं. मावशीनं माझा तो चिखलातला फोटो बघून तुला जे काय सांगितलं ते तसं नाही. मी खेळत नाही. शनिवारी सकाळी इथल्या क्लबात लहान पोरांच्या मॅच असतात, तिथं मी झेंडा घेऊन रेषेच्या बाहेरून पळतो. बॉल रेषेबाहेर गेला की झेंडा वर करायचा, किक असली की खांबाखाली जाऊन उभं राहायचं, बॉल दोन खांबांच्या मधून गेला तर झेंडा वर, एवढंच काम. मला कुणी धक्का सुद्धा लावत नाही. खांदा निखळला असता तर मी लपवलं नसतं, तुला काय वाटलं?

आता अण्णा, तुम्ही ऐका. इथं आयर्लंडात लिमरिकला थोमंड पार्क म्हणून स्टेडियम आहे, पंचवीस हजारांच्या वर माणूस बसतं. मनस्टर म्हणजे इकडचा प्रांत, त्याची टीम इथं खेळते, १९७८ साली न्यूझीलंडला १२-० हरवलं होतं ते याच मैदानावर, अजून लोक त्याच्यावर तासतासभर बोलतात. तर इथली एक रीत अशी आहे की कुणी खेळाडू किक मारायला उभा राहिला की सगळं स्टेडियम गप्प. म्हणजे एकदम गप्प, कुणी शिंकत नाही, चिप्सची पिशवी वाजली तर आजूबाजूचे वळून बघतात. आणि हे फक्त आपल्या खेळाडूसाठी नाही हो, समोरच्या टीमचा माणूस किक मारत असला तरी तसंच, मॅच हातातून चाललेली असली तरी तसंच. पहिल्यांदा मला वाटलं कुणी वारलंय म्हणून श्रद्धांजली चाललीय. शेजारच्या आजोबांना हळूच विचारलं तर त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि किक झाल्यावर मग सांगितलं की पाहुण्याला त्याची किक नीट मारू द्यायची, तो त्याचा हक्क आहे. आपल्याकडं कबड्डीत समोरचा चढाईला आला की आपण काय काय ओरडतो ते आठवलं. आणि पंचाला इथं सगळे सर म्हणतात. दीडशे किलोचा पैलवान असला तरी सर. बोलायचं ते कॅप्टननं, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही, उलट बोललं तर शिट्टी मारून समोरच्या टीमची किक दहा मीटर पुढं नेतात. पंचाच्या अंगावर माईक असतो, तो खेळाडूंशी काय बोलतो ते टीव्हीवर सगळ्यांना ऐकू येतं.

एवढी शिस्त बघून मला वाटलं की इथला न्याय घड्याळासारखा चालत असणार. आणि तसं अजिबात नाही, हेच मला मनातून लागायलंय.

तुम्हाला समजेल असं सांगतो. बॉल घेऊन पळणाऱ्याला पाडलं की तो जमिनीवर पडल्या पडल्या त्यानं बॉल सोडायचा, पाडणाऱ्यानं त्याला सोडून बाजूला सरकायचं, बाकीच्यांनी मागच्या बाजूनंच यायचं आणि पायावर उभं राहायचं. याला रक म्हणतात. एका मॅचमध्ये असे शंभराच्या वर होतात आणि प्रत्येकात कुणीतरी काहीतरी मोडतंच. कुणी झोपून राहतं, कुणी बाजूनं घुसतं, कुणी हात घालतं. सगळ्यावर शिट्टी मारली तर मॅच पुढं सरकायचीच नाही, म्हणून पंच बघतो की यानं खेळावर फरक पडला का, पडला तर शिट्टी. इथपर्यंत मला पटतं. पण फरक पडला की नाही हे प्रत्येक पंच आपापल्या मनानं ठरवतो, आणि एकच पंच सुद्धा पाचव्या मिनिटाला एक ठरवतो आणि पंच्याहत्तराव्या मिनिटाला दुसरं. सुरुवातीला हात मागं घे म्हणून ओरडून सोडून देतो आणि शेवटी तेवढ्याच चुकीवर पेनल्टी, म्हणजे तीन पॉइंट गेले. एकाच टीमनं एकच चूक सारखी केली तर आधी सगळ्या टीमला ताकीद आणि पुढच्याला पिवळं कार्ड, म्हणजे दहा मिनिटं बाहेर, असं नियमात आहे, पण किती वेळा म्हणजे सारखी हा आकडाच नाही. एक पंच तिसऱ्याला ताकीद देतो, दुसरा आठ होऊ देतो.

आणि स्क्रम! आठ इकडचे आठ तिकडचे डोकं घालून एकमेकांना रेटतात आणि मधल्या बोगद्यात बॉल टाकायचा, तो सरळ टाकायचा असं स्पष्ट लिहिलंय. कुणीच सरळ टाकत नाही, आपल्याच माणसांच्या पायाकडं तिरका सोडतात, पंच तीन पावलांवर उभा असतो आणि त्याचं लक्ष दुसरीकडंच. मग तो नियम ठेवलाच कशाला? काढून टाका नाहीतर पाळा.

शेजारच्या आजोबांचं एक कायमचं दुखणं आहे. २००२ ची युरोपची फायनल, कार्डिफला, मनस्टर विरुद्ध इंग्लंडचा लेस्टर क्लब. शेवटची मिनिटं, लेस्टरच्या रेषेपासून पाच मीटरवर मनस्टरचा स्क्रम, आणि बॉल टाकणाऱ्याच्या हातातून लेस्टरच्या नील बॅकनं हातानं तो पाडला. पंच दुसऱ्या बाजूला होता, त्याला दिसलंच नाही. मनस्टर ९-१५ नं हरली. आजोबा सांगताना त्यांचा हात थरथरतो. पण मी त्यांना म्हटलं की याचं मला एवढं वाईट वाटत नाही, दोन डोळे आणि तीस माणसं, नाही दिसलं तर नाही दिसलं. २०१५ च्या वर्ल्डकपला स्कॉटलंडचं झालं ते जास्त वाईट. शेवटच्या दोन मिनिटांत पंच क्रेग ज्युबर्टनं ऑस्ट्रेलियाला पेनल्टी दिली, ते ३५-३४ नं जिंकले, आणि दुसऱ्या दिवशी वर्ल्ड रग्बी म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेनंच सांगितलं की स्क्रम द्यायला पाहिजे होता. टीव्हीवरच्या पंचाला विचारायची सोय होती, पण अशा गोष्टीसाठी विचारता येत नव्हतं. त्याला दोष कसा देणार?

पण दिसूनही सोडलं त्याचं काय करायचं? २०२३ च्या वर्ल्डकपला मार्सेलमध्ये ९ सप्टेंबरला इंग्लंडच्या टॉम करीचं डोकं समोरच्याच्या डोक्यावर आदळलं, आधी पिवळं दिलं, मग रिव्ह्यूत त्याचं लाल केलं, म्हणजे मॅचभर बाहेर. मॅच सुरू होऊन तीन मिनिटं झाली होती. बरोबर, डोकं जपायलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी, त्याच मैदानावर, दक्षिण आफ्रिकेच्या जेसी क्रिएलनं स्कॉटलंडच्या माणसाला तसंच डोक्यावर घेतलं, आणि शिट्टी सुद्धा नाही. कॅमेरे तेच, नियम तोच. मग फायनलला न्यूझीलंडचा कॅप्टन सॅम केन याच क्रिएलच्या डोक्यावर धडकला आणि त्याला लाल, दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन सुद्धा एकाच्या डोक्यावर धडकला, पण त्याचं पिवळं पिवळंच राहिलं, न्यूझीलंड ११-१२ नं हरली. केनचं लाल मला चुकीचं वाटत नाही, मी ते परत परत बघितलंय, तो सरळ उभा होता, वाकलाच नाही. पण पहिल्या आठवड्यात एकाला सोडलं की मग पुढचं बरोबर दिलेलं सुद्धा लोकांच्या गळ्याखाली उतरत नाही. त्या फायनलचा पंच वेन बार्न्स त्यानंतर लगेच रिटायर झाला, त्याच्या घरच्यांना सुद्धा धमक्या यायच्या म्हणे. हे तर कुठल्याच हिशोबात बसत नाही. पंचावर राग असला तर मैदानावरच सोडायचा, घरापर्यंत काय म्हणून जायचं?

अण्णा, मला तुमची शाळेमागच्या मैदानावरची फायनल सारखी आठवते. आपल्याच गल्लीतला पोरगा शेवटच्या चढाईला गेला, दोन गडी शिवून मध्यरेषेला टेकला आणि तुम्ही दम तुटला म्हणून त्याला बाद दिलं. महिनाभर लोक आपल्या घरी चहाला आले नव्हते. पण त्याच मॅचच्या पहिल्या चढाईला तुम्ही पाहुण्यांच्या गड्याला ह्याच कारणानं बाद दिलं होतं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, नंतर त्यांना ते आठवलं नाही. मी तेव्हा तुमच्यावर चिडलो होतो, लहान होतो. आता इथं एवढे माईक आणि एवढे कॅमेरे असूनही जे होत नाही ते तुम्ही एका शिट्टीवर करायचात. तुम्हाला हे सांगायचं होतं आणि फोनवर जीभ वळत नाही.

बरं, आता घरचं. ऑपरेशनचे पैसे अण्णांच्या खात्यावर टाकलेत, दाजींच्या नाही, बँकेत जाऊन पासबुकावर एंट्री करून घ्या. डोळ्याचं आता पुढं ढकलू नका. मी तिथं नसलो तरी दाजी येतो म्हणालेत, आणि मी त्या दिवशी सुट्टी टाकलीय, सकाळपासून फोनवरच असणार. सोयाबीनला भाव येईपर्यंत थांबू असं अण्णा म्हणालेत हे छोटीनं मला सांगितलंय, तिला रागवू नका. सोयाबीनचा आणि डोळ्याचा काही संबंध नाही. बोअरचं मात्र दिवाळीनंतर बघू, इथं घरभाडं वाढलंय, तरी चिंता करण्यासारखं काही नाही, माझं भागतं.

दिवाळीला यायचं जमणार नाही. इथं राहायचं कार्ड रिन्यू व्हायचंय, ते हातात आल्याशिवाय बाहेर पडणं बरोबर नाही. मला माहितीय मागच्या वेळी पण असंच सांगितलं होतं. छोटीच्या लग्नाला मात्र काही झालं तरी येणार, तारीख काढताना फक्त मला आधी विचारा, म्हणजे मी इथं सुट्टी मांडून ठेवतो. हॉलचा ॲडव्हान्स किती ते सांगा.

आणि आई, सेलूच्या स्थळाचं. मी नाही म्हणत नाही. पण तिला इथं यायचंय का, तिच्या नोकरीचं काय, हे तिला स्वतःला विचारल्याशिवाय पत्रिका कुणाकडं नेऊ नको. तिचा नंबर दे, मीच बोलतो. मामांना एवढ्यात काही सांगू नको, ते लगेच बोलणी करायला निघतील.

तुमचा,
बाळू