प्रेसवर बोट गेले की दोष कामगाराचाच?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या शॉपमध्ये (छोट्या कारखान्यांत) पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून-कापून आकार देणाऱ्या मशीनवर, कुणाचे बोट गेले की पहिले वाक्य ठरलेले असते, 'लक्ष नव्हते त्याचे.' अपघाताच्या नोंदीतही तेच उतरते. पण पुष्कळदा बोट जाण्याचे कारण प्रेसमध्येच असते आणि आधीचे चार दिवस ते सगळ्यांना दिसतही असते. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

छोट्या शॉपमधल्या जुन्या प्रेस बहुधा की-क्लचच्या असतात. मोटर फ्लायव्हील (जड चाक) सतत फिरवत ठेवते. पेडल दाबले की क्लचची 'की' (चाक आणि क्रँक जोडणारी खुंटी) खाचेत बसते, क्रँकशाफ्ट फिरतो आणि रॅम (वरचा जड ठोकळा) खाली येतो. एकदा बसलेली की पूर्ण फेरा झाल्याशिवाय सुटत नाही. मध्येच पेडल सोडा, मोटर बंद करा, ठोका पडणारच. हवेवर चालणाऱ्या फ्रिक्शन क्लचची प्रेस मात्र अर्ध्या वाटेत थांबवता येते.

हा फरक माहीत नसला की सुरक्षेवर खर्च केलेला पैसा वाया जातो. की-क्लचच्या प्रेससमोर सेन्सरचा पडदा (प्रकाशकिरणांचा) बसवला तर हात आडवा आल्यावर पडदा सिग्नल देईल, पण रॅम थांबणार नाही. कामगार मात्र पडद्याच्या भरवशावर हात आत घालू लागतो, म्हणजे धोका उलट वाढतो. फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवरही पडद्याचे अंतर मोजूनच ठेवावे लागते. हाताचा वेग सेकंदाला 1.6 मीटर धरतात. रॅम थांबायला 0.2 सेकंद लागत असतील तर पडदा डायपासून (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यापासून) निदान 32 सेंटीमीटर लांब हवा, प्रत्यक्षात त्याहून थोडा जास्तच. ब्रेकचे लायनिंग झिजले की थांबायचा वेळ वाढतो आणि कालचे अंतर आज अपुरे पडते.

की-क्लचवर खात्रीचा उपाय म्हणजे डायभोवती पक्का गार्ड (संरक्षक आडोसा). पत्र्याची पट्टी सरकवण्यापुरती फट ठेवायची, आणि ती डायला लागून असेल तर 6 मिलिमीटरपेक्षा मोठी नको, म्हणजे बोट आत शिरत नाही. सुटे ब्लँक (आधीच कापलेले पत्र्याचे तुकडे) एकेक करून घालायचे असतील तर स्लाइड करून घ्यावी, म्हणजे ब्लँक बाहेर ठेवून आत ढकलता येतो. चिमटा किंवा मॅग्नेट लागतोच, पण गार्ड काढून टाकून नुसत्या चिमट्यावर भागवू नये. पीस रेटचे (नगावर पैसे मिळणारे) काम असले की तासाभरात चिमटा बाजूला पडतो आणि हात आत जाऊ लागतो. चिमटा ॲल्युमिनियमचा घ्यावा, डायमध्ये सापडला तरी डाय बिघडत नाही.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे प्रेस डबल मारणे. पेडल एकदाच दाबले, हात जॉब (तयार झालेला तुकडा) काढायला आत गेला आणि रॅम पुन्हा खाली आला. रिटर्न स्प्रिंग तुटलेली असते, कीची कड झिजून गोल झालेली असते किंवा ब्रेकच्या पट्ट्यावर तेल गेलेले असते. याची खूण आधी दिसते. ठोका झाल्यावर रॅम वरच्या टोकाला न थांबता थोडा पुढे घसरतो. क्रँकच्या टोकावर आणि बॉडीवर खडूची एकेक रेघ ओढावी, पाळी सुरू होताना रिकामे दहा ठोके मारून बघावेत. रेघा जुळत नसतील तर प्रेस बंद ठेवून फिटरला बोलवावे. 'आजचा माल निघू दे, उद्या बघू' इथे चालत नाही. पेडलवर लोखंडी छत हवेच, नाहीतर हातातून निसटलेला जॉब पेडलवर पडूनही ठोका बसतो.

डाय बदलताना मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ घुमत राहते आणि तेवढ्यात एक ठोका सहज बसतो. मेन स्विच बंद करून कुलूप लावावे, चावी सेटरच्या (डाय बदलणाऱ्याच्या) खिशात असावी, फ्लायव्हील पूर्ण थांबल्यावर रॅमखाली सेफ्टी ब्लॉक ठेवावा आणि मगच हात घालावा.

बोट तुटलेच तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात वर धरावा. हळद, ग्रीस काही लावू नये. तुटलेले बोट स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवले तर पेशी गोठून मरतात आणि जोडायची आशा संपते.

काही ठिकाणी जखमी कामगाराला खासगी दवाखान्यात नेऊन 'घरी पडला' असे सांगतात. त्याचे नुकसान कुटुंबाला नंतर कळते. ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल तर कामावरच्या अपघातात रजेच्या काळात वेतनाच्या 90 टक्के रक्कम मिळते आणि कायमच्या अपंगत्वाची मासिक भरपाई वेगळी. तर्जनीचे एक पेर गेले तर 9 टक्के, पूर्ण तर्जनी 14, अंगठा 30, एका हाताची चारही बोटे 50 टक्के असा तक्ताच आहे. ईएसआय नसेल तर नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्याच्या सूत्राने 25 वर्षांच्या, 15,000 पगाराच्या कामगाराला पूर्ण तर्जनीचे सुमारे 2 लाख 73 हजार होत असत. त्याच दिवशी अपघात वहीत नोंद झाली नाही तर हे सगळे अडते.

राहिला सूचनांचे बोर्ड कोणत्या भाषेत असावेत हा प्रश्न. कारखान्यातल्या सूचना बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत हव्यात, हे 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 108 नेच सांगितले होते. कन्नड बोर्ड हवाच. पण खानापूर, चंदगडकडून येणारी मुले मराठी वाचतात, उत्तर प्रदेश-बिहारची हिंदी. प्रत्येक प्रेसशेजारी तिन्ही भाषांत डाय सेटिंगच्या चार पायऱ्या आणि अपघात वही कुठे आहे एवढे तरी लिहिलेले असावे, आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी गार्ड पाहताना तेही पाहावे, ही विनंती.

कळावे,
एक डाय-सेटर, मच्छे, बेळगाव