विमेन्स ओपनला फक्त तीन ओळी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

७ ऑगस्ट २०२१ ला सकाळी आमच्या घरात आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीवर गोल्फ लागलं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपली अदिती अशोक शेवटचा राउंड खेळत होती आणि मेडलच्या इतकी जवळ होती की बोगी म्हणजे काय, बर्डी म्हणजे काय ते आम्ही चहा पितापिता मोबाईलवर शोधत होतो. एका शॉटने ब्राँझ हुकलं, पोरगी चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्राचं गोल्ड आलं, सगळे तिकडे वळले, ते साहजिकच आहे. पण महिलांचं गोल्फ तेव्हा तुमच्या क्रीडा पानावरून जे गेलं ते गेलंच.

मी मात्र बघत राहिले. बरोबर एक वर्षाने, ७ ऑगस्ट २०२२ ला, स्कॉटलंडमध्ये म्यूरफील्डला विमेन्स ओपनचा शेवटचा दिवस होता. महिलांच्या प्रो गोल्फमध्ये वर्षाला पाच मेजर असतात, त्यातली ही एक. आणि जागा कुठली तर म्यूरफील्ड! १७४४ पासूनचा क्लब आणि बाईला मेंबरशिप नव्हती. २०१६ ला त्यांनी मतदान घेतलं, दोन तृतीयांश मतं लागत होती ती पडली नाहीत, मग आर अँड एने, म्हणजे ओपन भरवणाऱ्या संस्थेने, सरळ सांगितलं की असं असेल तर पुरुषांची ओपनसुद्धा तुमच्याकडे होणार नाही, तेव्हा कुठे २०१७ ला परत मतदान होऊन नियम बदलला आणि पहिल्या बायका मेंबर झाल्या त्या २०१९ ला. त्याच कोर्सवर तीन वर्षांनी पहिल्यांदा महिलांची ओपन झाली, ही बातमी नाही का?

आणि मॅच तर काय झाली! दक्षिण आफ्रिकेची अ‍ॅशली बुहाई, वय ३३, २००७ पासून प्रो, पण एलपीजीएवर, म्हणजे महिलांच्या अमेरिकेतल्या प्रो टूरवर, एकही टायटल नाही. शेवटच्या दिवशी पाच शॉटची लीड घेऊन उतरली आणि पंधराव्या होलवर ट्रिपल बोगी, म्हणजे ठरलेल्या शॉटपेक्षा (त्याला पार म्हणतात) तीन जास्त, सगळी लीड गेली, कोरियाच्या चुन इन-जीने गाठलं, दोघी १० अंडर, म्हणजे पारपेक्षा दहा शॉट कमी. मग प्लेऑफ, अठरावं होल परत परत, एकदा दोनदा तीनदा, तिकडे अंधार पडायला लागलेला, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली आणि मी आवाज बंद करून बसलेली कारण घरात सगळे झोपलेले. चौथ्या वेळी बुहाईचा बॉल बंकरमध्ये, मला वाटलं संपलं आता. तिथून तिने वाळूतून असा शॉट काढला की बॉल होलच्या अगदी जवळ येऊन थांबला. पारमध्ये होल संपवलं आणि जिंकली. माझ्या डोळ्यात पाणी आलं खरंच.

रात्री उशिरा संपलं म्हणून सोमवारच्या पेपरात नव्हतं, ते समजू शकते. मंगळवारी तीन ओळी होत्या, त्यात म्यूरफील्डबद्दल एक शब्द नाही. आणि तेव्हापासून दरवर्षी तेच. आपलं कोणी वरच्या नंबरात नाही म्हणून, असं म्हणाल, तर मग विम्बल्डनच्या सिंगल्सला आपलं कोण असतं हो? तरी अर्धं पान देता ना, आणि द्यायलाच पाहिजे. शिवाय आपल्या मुली खेळतायत की. दीक्षा डागर जन्मापासून कर्णबधिर, डावखुरी आहे, १८ व्या वर्षी २०१९ ला साऊथ आफ्रिकन विमेन्स ओपन जिंकली, नंतर डेफलिंपिक्सचं, म्हणजे कर्णबधिरांच्या ऑलिम्पिकचं, गोल्ड. माझ्या पुतणीला हे सगळं मी सांगितलं, तुमच्या पेपरातून कळायला हवं होतं.

पाच मेजर, प्रत्येकी चार दिवस, म्हणजे वर्षातले वीस दिवस. त्या वीस दिवसांत रोज एक कॉलम द्या, लीडरबोर्डसोबत कोर्सची दोन वाक्यं माहिती द्या, सुरुवातीला बोगी-बर्डीचा अर्थ चौकटीत द्या. आणि हो, २०२० पासून विमेन्स ओपनच्या नावातून 'ब्रिटिश' काढलंय, आता ती एआयजी विमेन्स ओपन आहे, हेडिंगमध्ये तेवढं दुरुस्त करा प्लीज.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे