डूख कोण धरतं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. बोर अभयारण्याचा डोंगर आमच्या शिवारातून दिसतो. 4 सप्टेंबर 2006 ला ऑस्ट्रेलियात स्टीव्ह आयर्विन गेले, टीव्हीवर मगरी अन् साप पकडून दाखवणारे. त्यानंतर वर्तमानपत्रांत बरंच छापून आलं आणि आमच्या गावातही बरंच बोललं गेलं. त्यातलं काही माझ्या दाराशी येऊन बोलले लोक, म्हणून हे पत्र.

माझा मोठा मुलगा साप पकडतो. धंदा म्हणून नाही. तो सेलूला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला आहे. कोणाच्या घरात, कोठ्यात, कुटाराच्या ढिगात साप निघाला की लोक त्याला हाक मारतात. तो जातो, पकडतो आणि नाल्यापलीकडच्या झुडपात नेऊन सोडतो. पैसे घेत नाही. साप ठेवायची पिशवी मी शिवते. काळं जाड कापड घेते आणि दुहेरी शिवण घालते, कारण एकेरी शिवणीच्या कोपऱ्यातून सापाचं तोंड बाहेर येतं. आतापर्यंत अशा अकरा पिशव्या शिवून झाल्या.

आयर्विनना गावात सगळे ‘मगरवाला’ म्हणायचे. माझा मुलगा सातवीत होता तेव्हापासून शेजाऱ्यांच्या केबलवर त्यांना पाहायचा. लाइट असली तर. इंग्रजी बोलणं ना त्याला कळायचं, ना मला. पण तो माणूस चिखलात पोटावर आडवा पडून, डोळे मोठे करून मगरीशी जे बोलायचा, त्यातली माया कळायला भाषा लागत नव्हती. आणि मी एक पाहिलं होतं. पकडलेलं जनावर तो शेवटी सोडून द्यायचा. पकडणारे आमच्याकडे गारुडीही होते, नागपंचमीला नागाचं तोंड शिवून दारोदार फिरणारे. सोडणारा माणूस माझ्या मुलानं पहिल्यांदा पाहिला तो टीव्हीवर.

5 तारखेला संध्याकाळी मुलगा दुकानातून घरी आला आणि जेवला नाही. महालक्ष्म्या नुकत्याच झाल्या होत्या, गणपती उठायचे होते, मंडळाच्या लाउडस्पीकरवर गाणी चालू होती. “मगरवाला गेला,” इतकंच म्हणाला आणि अंगणात बाजेवर जाऊन पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बायका यायला लागल्या. “बाई, पाह्यलं ना टीव्हीवर? येवढा मोठा माणूस गेला, तुह्या पोराची काय गत! बंद कर म्हणा त्याले.” एक म्हातारे गृहस्थ ओट्यावर बसून म्हणाले, “पोहणाऱ्याचं मरण पाण्यात अन् गारुड्याचं मरण सापात.” त्यांच्या मनात वाईट नव्हतं, माझ्या काळजीनंच बोलत होते. पण या सगळ्यांच्या बोलण्यात एक सूर होता, की त्यानं मरण ओढवून घेतलं. तो सूर मला सहन झाला नाही.

तो माणूस गेला कसा, ते तरी नीट पाहावं. पोर्ट डग्लसजवळच्या बॅट रीफवर, समुद्रात, एका माहितीपटाचं चित्रण चालू होतं. हवा खराब झाली आणि ते थांबलं. मधल्या वेळात ते आठ वर्षांच्या लेकीच्या कार्यक्रमासाठी काही दृश्यं घ्यायला उथळ पाण्यात उतरले. तिथं स्टिंग रे नावाचा चपटा मासा होता. कोकणात त्याला पाकट म्हणतात, हे मला तुमच्याच वर्तमानपत्रातून कळलं. त्याच्या शेपटीवर करवतीसारखा दातेरी आणि विषारी काटा असतो. घाबरला की तो शेपटी उसळवतो. एरवी तो काटा वाळूत पाय पडणाऱ्याच्या पायाला लागतो, बहुतेकदा काही दिवस दुखतं. माणूस दगावणं फारच क्वचित. आयर्विनच्या छातीत तो थेट काळजापर्यंत गेला. 44 वर्षांचे होते.

म्हणजे मगरीनं नाही, सापानं नाही. लेकीसाठी चार दृश्यं घ्यायला गेलेला बाप परत आला नाही. याला ओढवून घेणं म्हणायचं का?

त्यांच्याच देशात जन्मलेल्या जर्मेन ग्रीअर या नामवंत लेखिकेनं तर लिहिलं, की प्राणिजगतानं अखेर त्यांच्यावर सूड उगवला. एवढ्या शिकलेल्या बाईंनी हे लिहावं? आमच्याकडे न शिकलेले लोकही हेच मानतात. नाग डूख धरतो म्हणतात. नागाला मारलं की नागीण डोळ्यांत फोटो काढून ठेवते, बारा वर्षांनी शोधत येते म्हणतात. माझा मुलगा शाळेतल्या पोरांना सांगून सांगून थकला, की सापाला एवढी आठवणच राहत नाही. त्याला भूक कळते, ऊब कळते, भीती कळते. डूख धरायला लागणारं डोकं त्याच्याकडे नाही.

ते डोकं माणसाकडे आहे. आयर्विन गेल्यानंतर आठवडाभरात त्यांच्याच क्वीन्सलंड राज्याच्या किनाऱ्यांवर मेलेले पाकट सापडले, काहींच्या शेपट्या कापलेल्या. ती बातमी वाचून मी वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली. ज्यानं जन्मभर सांगितलं की जनावराला मारू नका, त्याच्या नावानं जनावरं मारली. त्यांच्या संस्थेच्या माणसालाच पुढे येऊन सांगावं लागलं, की स्टीव्हला हे कधीच आवडलं नसतं.

ऑस्ट्रेलिया लांब आहे, पण आमच्या गावातही तेच घडलं. गणपती उठल्याच्या दुसऱ्या दिवशी तीन पोरांनी सोयाबीनच्या धुऱ्यावर एक धामण ठेचली. चांगली सहा हातांची असेल. “मगरवाल्याचा बदला घेतला,” असं सांगत ती काठीवर टांगून गावातून फिरवली. माझा मुलगा घरी नव्हता. मी गेले आणि ती काठी हातातून घेतली. पोरं ओळखीचीच, दोघं तर माझ्याच अंगणवाडीत सुकडी खाऊन मोठे झालेले. धामणीचं पोट मध्येच फुगलेलं होतं आणि काठीच्या घावानं फाटलं होतं. आत उंदीर होता, अख्खा, ओल्या केसांचा, शेपटी धरून. मी पोरांना तो दाखवला. म्हटलं, हा तुमच्या बापाच्या सोयाबीनमधला आहे. पोरं बोलली नाहीत. धामणीला विष नसतं, हे त्या तिघांनाही माहीत होतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला मारणं गुन्हा आहे, हे माहीत नव्हतं.

मुलगा साप का पकडायला लागला, तेही सांगते, म्हणजे त्याला थांबवायला येणाऱ्यांना उत्तर होईल.

1989 च्या पावसाळ्यात माझे धाकटे दीर गेले. चोवीस वर्षांचे. सारवलेल्या जमिनीवर सतरंजी टाकून झोपले होते. पहाटे पोटात दुखतं म्हणून उठले. अंगावर कुठंच दात दिसेना, सूज नाही, आग नाही. मग बोलणं जड झालं. मग पापण्या खाली यायला लागल्या. ते वर पाहायचा प्रयत्न करायचे आणि पापणी अर्ध्यावर येऊन पडायची. सासूबाई म्हणाल्या, झोप राहिली असेल. कोणीतरी म्हणालं, पान लागलं, म्हणजे साप चावला. मांत्रिक आला. कडुनिंबाचा पाला चावायला दिला. गोड लागला तर विष, कडू लागला तर काही नाही. त्यांना चावताच येत नव्हतं. तोवर माणसांनी घर उकरलं, चुलीमागे एक काळा पांढऱ्या पट्ट्यांचा साप सापडला, तो मारून बाभळीला टांगला आणि सगळ्यांना वाटलं की काम झालं. बैलगाडी निघाली तेव्हा उन्हं वर आली होती. रस्त्यातच ते गेले.

पुढे मुलगा मोठा झाल्यावर मी त्याला त्या सापाचं वर्णन सांगितलं. पट्टे मानेजवळ रुंद होते आणि शेपटीकडे पुसट होत गेलेले. तो म्हणाला, “आई, मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक असतात, मानेकडं नाहीत. तो कवड्या होता. त्याला विष नसते. काकांना चावलेला साप वेगळाच असणार.” म्हणजे एक तासभर आम्ही एका निर्दोष सापाचा सूड घेत बसलो होतो आणि तेवढ्या वेळात माणूस हातचा गेला.

आज आमच्या गावात कोणाला साप चावला, तर माझा मुलगा आधी मांत्रिकाला दारातून परत पाठवतो. चिरा देऊ देत नाही, दोरीनं करकचून बांधू देत नाही. हातपाय हलू न देता गाडीत घालतो आणि नेतो. नाग, मण्यार, घोणस जिला आमच्याकडे परड म्हणतात, आणि फुरसं, या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. चावणारा साप मारून सोबत न्यायची गरज नाही. दोन वर्षांपूर्वी निंदणाला आलेल्या एका बाईला परड चावली. जवळच्या सरकारी दवाखान्यात लस शिल्लक नव्हती. त्याच जीपमधून पुढं सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. ती बाई या खरिपातही निंदणाला होती. आता सांगा, अशा मुलाला मी काय म्हणून थांबवू?

पण मी सगळ्याच गोष्टींना हो म्हणते असं नाही. जानेवारी 2004 मध्ये आयर्विननी महिन्याभराच्या बाळाला एका हातात घेऊन दुसऱ्या हातानं मगरीला खायला घातलं. त्यावर जगभर ओरड झाली होती, ते मला मुलानंच सांगितलं. मी आई आहे, मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. बाळाला आपली हौस कळत नाही. माणूस थोर होता, तरी ते चुकलंच. मुलाशी माझे चार शब्द झाले त्यावरून. तेव्हापासून घरात नियम आहे. साप गळ्यात घालायचा नाही, नागाच्या फण्याला ओठ लावायचे नाहीत, पकडल्यावर गर्दीपुढे खेळ करायचा नाही. सरळ पिशवीत, पिशवी बरणीत आणि बरणी नाल्यापलीकडे. तुम्ही वर्तमानपत्रवाले मात्र सर्पमित्राचा फोटो छापता तो साप गळ्यात घातलेलाच. तो पाहून पोरं शिकतात. साप सोडतानाचा फोटो छापा ना. गवतात शिरणारी शेपटी तेवढी दिसेल, चालेल.

एक गोष्ट राहिली. गावात कोणी म्हणालं, “इथं आपले शेतकरी मरून राहिले अन् तुम्ही त्या गोऱ्यासाठी रडून राहिले.” शेतकरी आत्महत्यांमुळे जुलैत ज्या 6 जिल्ह्यांना केंद्राचं मदतीचं पॅकेज जाहीर झालं, त्यांत आमचा वर्धा आहे. अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये बाप गेलेल्या लेकरांची नावं मीच लिहिते. ज्या घरात औषध पिऊन माणूस गेला, त्या घरात रात्र काढलेली बाई आहे मी. एकासाठी रडलं म्हणून दुसऱ्याच्या वाटचं पाणी कमी होत नाही. बाप गेलेलं लेकरू सेलूत असो की क्वीन्सलंडमध्ये, त्याच्याकडे बघवत नाही.

आयर्विनच्या 20 सप्टेंबरच्या स्मरणसभेची दृश्यं आम्ही बातम्यांत पाहिली. त्यांच्या आईवडिलांनी 1970 मध्ये क्वीन्सलंडमधल्या बिरवा गावात सापासुसरींचं छोटंसं उद्यान काढलं होतं. सहाव्या वाढदिवसाला त्यांनी पोराला अजगर दिला होता, आणि नवव्या वर्षी बापानं सोबत राहून मगर पकडायला शिकवलं. पुढे मोठेपणी माणसांच्या वस्तीजवळ आलेल्या मगरी गोळ्या घालून मरू नयेत, म्हणून ते त्या पकडून दुसरीकडे सोडत. तेच उद्यान आता मोठं प्राणिसंग्रहालय झालंय, आणि त्याच्याच मैदानात ही सभा होती. सरकारनं शासकीय इतमामाची तयारी दाखवली, ती वडिलांनी नाकारली. माझा मुलगा साधा माणूस होता, म्हणाले. आई 2000 मध्येच अपघातात गेली होती. ते ऐकून मला वाटलं, बरं झालं, तिला हे पाहावं लागलं नाही. मग आठ वर्षांची लेक उभी राहिली. हातात कागद होता. बाप माझा हिरो होता, असं ती न रडता, खणखणीत आवाजात म्हणाली. आमच्या घरात त्या वेळी कोणी बोललं नाही. माझा मुलगा उठून बाहेर गेला, आणि मी पाहिलं, तो अंगणात उभा राहून साप पकडायच्या काठीचा आकडा उगीच पुसत होता.

परवा घटस्थापना झाली. ज्या पोरांनी धामण मारली, त्यातला एक काल घरी आला होता. त्यांच्या कोठ्यात साप आहे, दादा येईल का, विचारायला. मुलगा गेला. तो पोरगा बॅटरी धरून सोबत उभा होता म्हणे. नाग होता, तो सोडला.

माझं नाव छापू नये, मुलाचंही नको. पत्र छापलंत आणि सोबत आयर्विन यांचा फोटो द्यायचा झाला, तर मगरीसोबतचा देऊ नका. लेकीसोबतचा द्या.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. सेलू, जि. वर्धा